टेबलावरचें वॉटर्लू

दिवाळीच्या सुटींत आमच्या इमारतीच्या मागील आवारांत मुलें दरवर्षीं किल्ला करतात. विटा, दगड, जुनीं पोतीं, चिखल आणि मूठभर अळीव एवढ्या सामग्रीवर प्रतापगड उभा राहतो. बाजारांतून आणलेले मातीचे मावळे त्याच्या वाटेवर चढूं लागतात आणि बुरुजांवर तोफा लागतात. गेल्या दिवाळींत माझा पुतण्या चिखलानें भरलेले हात तसेच घेऊन माझ्याकडे आला व म्हणाला, "काका, अफझलखानाचा शामियाना कुठें मांडायचा?" इतिहासाचा प्राध्यापक या नात्यानें मीं तत्काळ उत्तर दिलें, "गडाच्या पायथ्याशीं." तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "पायथा तर सगळ्या बाजूंनीं आहे. कोणत्या बाजूला?"

१० नोव्हेंबर १६५९ च्या त्या भेटीचें वर्णन मीं तीस वर्षें वर्गांत केलें आहे. परंतु 'गडाच्या पायथ्याशीं' या दोन शब्दांवर आजवर एकाहि विद्यार्थ्यानें मला अडविलें नव्हतें. त्या सायंकाळीं मला चष्मा पुसून नकाशा उघडून बसावें लागलें.

मुलाच्या प्रश्नानें जी गोष्ट माझ्या ध्यानांत आली ती अशी, कीं लेखणीस जी सवलत आहे ती मातीस नाहीं. इतिहासकार 'इतक्यांत', 'दुसऱ्या बाजूस', 'थोड्या अंतरावर' असे शब्द योजून पुढें जातो, आणि वाचकहि त्याच्या मागोमाग निर्धास्तपणें जातो. वाक्यांत एखादी पलटण अधांतरीं राहूं शकते. टेबलावर मात्र शिपाई कोठेंतरी उभा करावाच लागतो, त्याचें तोंड कोणीकडेतरी वळवावेंच लागतें, आणि त्याच्या डगल्यास कोणतातरी एक रंग द्यावाच लागतो. छोटे शिपाई रंगवून त्यांची रणभूमि टेबलावर उभारणें हा छंद पुष्कळांस पोरकट वाटतो. पण या सक्तीमुळें तो इतिहासाच्या किती जवळ जातो, आणि प्रसंगीं सत्ताधाऱ्यांस किती अडचणींत आणतो, हें सांगणारी एक खरी हकीकत एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत घडली. तीच आज वाचकांस सादर करावयाची आहे.

युद्धाची जमीन टेबलावर मांडण्याचा गंभीर प्रयत्न प्रथम प्रशियांत झाला. राइसविट्झ नांवाच्या एका अधिकाऱ्यानें १८१२ सालीं राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम यास एक विलक्षण टेबल सादर केलें. टेकड्या, नद्या, गांवें व रस्ते यांचे रंगविलेले चौकोनी तुकडे त्याबरोबर होते. ते हवे तसे जुळवावे आणि रोज नवी रणभूमि तयार करावी अशी ती योजना होती. पुढें त्याच्या मुलानें, जो तोफखान्यांत अधिकारी होता, हाच खेळ नकाशावर आणला आणि १८२४ मध्यें सेनाधिकारीमंडळाचा प्रमुख म्युफ्लिंग याजपुढें खेळून दाखविला. म्युफ्लिंग आरंभीं उदासीनपणें पाहत होता; पण डाव रंगत गेला तसतसा त्याचा उत्साह वाढला, आणि हा खेळ नव्हे, ही युद्धाची शाळा आहे, असे उद्गार त्यानें काढले. हें म्युफ्लिंगचें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें त्याच्याशीं पुन्हा गांठ पडणार आहे.

आमच्या कथेचा नायक विल्यम सायबॉर्न हा मात्र प्रशियन नव्हे, इंग्रज. तो १७९७ सालीं जन्मला. त्याचा बाप सैन्यांत कप्तान होता, आणि मुलगाहि सैन्यांतच शिरला. परंतु वॉटर्लूच्या लढाईस तो हजर नव्हता. लढाई संपल्यावर पॅरिसमध्यें जें सैन्य राहिलें त्यांत तो दाखल झाला. त्याची खरी आवड तलवारीची नसून जमिनीची होती. चढ-उतार कसे मोजावे व ते कागदावर कसे उतरवावे यावर त्यानें १८२२ व १८२७ सालीं पुस्तकें लिहिलीं. म्हणून सरसेनापति लॉर्ड हिल यांच्या आश्रयाखालीं १८३० सालीं वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृति करण्याचें काम निघालें तेव्हां तें सायबॉर्नकडे आलें, यांत नवल नव्हतें.

त्यानें कामास ज्या रीतीनें आरंभ केला ती पाहण्यासारखी आहे. रणभूमीच्या अगदीं मध्यावर ला हे सेंत नांवाचें एक शेतघर आहे. १८ जून १८१५ रोजीं जर्मन शिपायांच्या एका तुकडीनें तें दारूगोळा संपेपर्यंत लढविलें होतें. त्याच घरांत सायबॉर्ननें आठ महिने मुक्काम केला, आणि वाटा, कुंपणें, खोलगट रस्ते व टेकाडें यांची तपशीलवार मोजणी केली. परंतु जमीनहि साक्षीदाराप्रमाणें बदलते. १८२० ते १८२६ या काळांत नेदर्लंड्सच्या राजानें तेथें सिंहाच्या पुतळ्यासाठीं मातीचा एक प्रचंड ढीग रचला होता, आणि त्यासाठीं लागलेली माती ज्या उंचवट्यावर वेलिंग्टनचें सैन्य उभें होतें त्याच उंचवट्याची खणून नेली होती. स्मारक उभें राहिलें, पण ज्याचें स्मारक करावयाचें ती जागा कांहीं अंशीं नाहींशी झाली. सायबॉर्नला जी जमीन घडवावयाची होती तिच्यापैकीं कांहीं भाग आतां केवळ लोकांच्या आठवणींत उरला होता.

त्या जमिनीचें महत्त्व कशांत होतें हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. वॉटर्लूच्या रणांत डोंगर नाहींत. आहेत ते लांबट, सौम्य उंचवटे. वेलिंग्टननें आपल्या पलटणी उंचवट्याच्या माथ्यावर न ठेवतां मागच्या उतारावर, शत्रूच्या दृष्टीआड ठेवल्या. फ्रेंच गोळे पुष्कळसे डोक्यावरून गेले, आणि चढण चढून आलेल्या फ्रेंचांसमोर अकस्मात् बंदुकांची रांग उभी राहिली. म्हणजे सारें रहस्य चार-दोन पुरुष उंचीच्या चढांत होतें. सायबॉर्ननें एका मैलास नऊ फूट असें प्रमाण धरलें. त्या मापानें पन्नास फुटांची टेकडी अवघी एक इंचाची होते, आणि मनुष्य तर एका इंचाच्या नवव्या हिश्श्याएवढा, म्हणजे तिळाहून थोडा मोठा! असा शिपाई ओतणार कोण आणि पाहणार कोण? म्हणून शिपायांना निराळें, मोठें माप द्यावें लागलें. कथील व शिसें यांच्या मिश्रणाचे, सुमारें एक सेंटिमीटर उंचीचे शिपाई ओतण्यांत आले आणि स्थूलमानानें एक शिपाई दोघांच्या ठिकाणीं धरण्यांत आला. तरीहि त्यांची संख्या ७०,००० च्या वर गेली. जमिनीचें माप एक आणि माणसाचें दुसरें, ही तडजोड आजहि या छंदांतील प्रत्येकास करावी लागते. इतिहासलेखकहि ती करतोच. शंभर वर्षांची हकीकत शंभर पानांत सांगतांना कोणा एका पुरुषास तो त्याच्या खऱ्या मापाहून मोठा करतोच. फरक इतकाच, कीं टेबलावर ही गोष्ट झांकतां येत नाहीं.

जमीन मोजून झाली. पण तिच्यावर कोण कोठें उभा होता हें कसें ठरवावयाचें? येथें सायबॉर्ननें जें केलें त्यावरून त्याची योग्यता कळून येते. सायंकाळीं सातचा सुमार, जेव्हां नेपोलियनची राखीव इंपीरियल गार्ड शेवटच्या हल्ल्यासाठीं इंग्रजांच्या उंचवट्यावर पोंचली, तो क्षण त्यानें दाखविण्यासाठीं निवडला. मग हयात असलेल्या अधिकाऱ्यांस त्यानें एक छापील पत्र पाठविलें व सोबत नकाशा जोडला. त्या क्षणीं तुमची पलटण कशी उभी होती? तुमच्या समोर शत्रूची रचना कशी होती? ती या नकाशावर कृपा करून काढून दाखवा. एवढेंच नव्हे, तर तुमच्या भोंवतालच्या शेतांत पीक कोणतें होतें, हेंहि त्यानें विचारलें. कारण जूनमधील राय धान्य माणसाच्या छातीपर्यंत वाढलेलें असतें, आणि तें उभें होतें कीं तुडविलें गेलें होतें यावर कोणाला काय दिसलें हें अवलंबून असतें. शेकडों उत्तरें आलीं. सामान्य अधिकाऱ्यांस त्यांच्या लढाईविषयीं इतक्या पद्धतशीरपणें प्रश्न विचारून उत्तरें गोळा केल्याचें त्यापूर्वींचें उदाहरण माझ्या वाचनांत नाहीं.

अर्थात् उत्तरें एकमेकांशीं जुळेनात. लढाईची पहिली तोफ केव्हां सुटली याविषयींच दहापासून मध्याह्नापर्यंत निरनिराळ्या वेळा सांगितल्या गेल्या; ज्याचें त्याचें घड्याळ ज्याच्या त्याच्या मतानें चालत होतें. इंपीरियल गार्डला माघार घ्यावयास कोणी लावलें यावरून समोर उभे असलेले इंग्रज गार्ड आणि बाजूनें वळून मारा करणारी ५२ वी पलटण यांच्यांत जो वाद लागला तो पुढें दोन पिढ्या चालला. पुस्तकांत दोघांचें समाधान करणारें एक लांबलचक वाक्य लिहितां आलें असतें. सायबॉर्नला शिशाचे शिपाई मांडावयाचे होते.

खरी अडचण मात्र पलीकडे, पूर्व बाजूस होती. वॉटर्लूची लढाई एकट्या इंग्रजांनीं जिंकली नाहीं. वेलिंग्टनच्या सैन्यांतहि डच, बेल्जियन व जर्मन शिपायांची संख्या मोठी होती, आणि दुपारीं साडेचारच्या सुमारास ब्लूखरच्या प्रशियन सैन्याचा एक भाग फ्रेंचांच्या उजव्या बगलेवर, प्लाँसनुआ गांवाच्या रोखानें येऊन आदळला होता. सायंकाळीं आणखी एक प्रशियन दळ इंग्रजांच्या डाव्या टोकाशीं पोंचलें. तें ऐन वेळीं दुसरीकडे वळत असतां त्यास परत फिरविणारा अधिकारी म्हणजे वेलिंग्टनच्या छावणींत प्रशियातर्फे नेमलेला म्युफ्लिंग, तोच ज्यानें पुढें राइसविट्झच्या खेळाची वाखाणणी केली. सायबॉर्ननें प्रशियन सेनाधिकाऱ्यांकडूनहि माहिती मागविली होती, आणि त्या माहितीप्रमाणें त्यानें टेबलाच्या त्या कोपऱ्यांत निळ्या डगल्यांचे प्रशियन शिपाई दाट मांडले. प्रतिकृतीसमोर उभ्या राहिलेल्या माणसास मग एक शब्दहि न सांगतां कळलें असतें, कीं ज्या क्षणास इंग्रज आपल्या विजयाचा क्षण म्हणतात त्या क्षणीं नेपोलियनच्या बगलेंत प्रशियाचें सैन्य शिरलेलें होतें.

हें कांहींजणांस रुचलें नाहीं. न्यायानें सांगितलें पाहिजे, कीं लढाईच्या दुसऱ्याच दिवशीं लिहिलेल्या खलित्यांत खुद्द वेलिंग्टननें ब्लूखरच्या वेळेवर मिळालेल्या मदतीचा मोकळेपणानें उल्लेख केला होता. परंतु वीस वर्षांत पुष्कळ पाणी वाहून गेलें होतें. ड्यूक आतां केवळ सेनापति नव्हता, तो राष्ट्राचें दैवत झाला होता. १८३६ मध्यें प्रतिकृतीविषयीं त्याचें मत घेण्यांत आलें, तेव्हां त्यानें आक्षेप घेतला तो असा: प्रतिकृतींत लढाईचा एकच क्षण दाखवितां येतो, आणि येथें तर वेगवेगळ्या वेळच्या जागा एकत्र मांडल्या गेल्या आहेत. लढाईचा इतिहास लिहिणें म्हणजे नाचाच्या मेजवानीचा इतिहास लिहिण्यासारखें आहे, असें तो १८१५ सालींच एका स्नेह्यास लिहून चुकला होता. प्रसंग सर्वांस आठवतात, पण कोणता आधीं व कोणता नंतर हें कोणीच सांगूं शकत नाहीं.

हा आक्षेप पोकळ नाहीं. मीं स्वतः इतिहास शिकवितों, आणि वेलिंग्टनच्या म्हणण्यांतील तथ्य मला मान्य आहे. पण त्या आक्षेपाचा परिणाम जो झाला तो केवळ तर्काचा नव्हता. क्षणाविषयीं शंका होती तर ती दोन्ही बाजूंच्या शिपायांस सारखीच लागू पडावयास हवी होती. प्रत्यक्षांत ड्यूकच्या जवळच्या अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार होऊन जे शिपाई टेबलावरून उचलले गेले ते हजारों प्रशियन शिपाई होते. लेखकानें एक परिच्छेद खोडला तर त्याचा मागमूस राहत नाहीं. येथें मात्र एका मनुष्यास वांकून, स्वतः ओतवून घेतलेले व रंगविलेले शिपाई एकेक करून उचलावे लागले असतील. तो मनुष्य काय विचार करीत असेल हें मला पुष्कळदां मनांत आणावेंसें वाटतें, आणि त्यास दोष देण्याचें धैर्य मला होत नाहीं.

कारण तोंवर तो पुरता कर्जांत बुडाला होता. सरकारनें १८३३ मध्यें पैसे देणें बंद केलें. सायबॉर्ननें काम सोडलें नाहीं, तो उसनवारीनें पुढें गेला. एकंदर खर्च सुमारें ३,००० पौंड झाला. १८३८ सालीं लंडनच्या ईजिप्शियन हॉलमध्यें प्रदर्शन भरलें, एक शिलिंग दर ठेवला गेला, आणि सुमारें एक लाख लोक पाहून गेले. पण त्या पैशांतून सायबॉर्नचें कर्ज फिटलें नाहीं. त्यानें १८४४ मध्यें या युद्धाचा मोठा इतिहास प्रसिद्ध केला, त्याच सुमारास घोडदळाच्या एका हल्ल्याची दुसरी, अधिक मोठ्या मापाची प्रतिकृति केली, आणि १८४९ सालीं, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षीं, तो वारला. त्याची पहिली प्रतिकृति आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्यूझियममध्यें आहे. आणि जीं पत्रें त्यानें केवळ शिपाई नीट मांडावे म्हणून मागविलीं होतीं, त्यांपैकीं पुष्कळशीं त्याच्या मुलानें १८९१ मध्यें प्रसिद्ध केलीं. तेव्हांपासून त्या पत्रांस वगळून वॉटर्लूवर कोणासहि लिहितां आलेलें नाहीं. टेबलावरून शिपाई उचलतां आले; साक्षी उचलतां आल्या नाहींत.

सायबॉर्नचे वंशज आज जगभर पसरले आहेत. १९१३ सालीं एच. जी. वेल्स यांनीं शिशाच्या शिपायांच्या खेळाचे नियम पुस्तकरूपानें छापले, आणि पुढें हा छंद वाढत गेला. आजचा छांदिष्ट शिपायाच्या अंगावरील सांच्याची कड घासून काढतो, वर अस्तराचा हात देतो, मग डगला, पट्टे, चेहरा असे रंग भरतो, आणि शेवटीं पातळ काळसर रंग सोडतो म्हणजे वस्त्राच्या घड्या उठून दिसतात. जमिनीसाठीं थर्मोकोलच्या टेकड्या, वाळूच्या वाटा आणि भुशाचें गवत. हें सर्व करतांना तो नकळत इतिहासाचे प्रश्न सोडवीत असतो. इंग्रज शिपायाचा डगला लाल होता हें पुस्तकांत पुरतें. पण साध्या शिपायाचें कापड मंजिष्ठानें रंगविलेलें असे, अधिकाऱ्याचें किरमिजानें. ऊन-पावसानें पहिलें विटकरी होई आणि दुसरें तेजस्वी राही. लढाईच्या आदल्या रात्रीं तर मुसळधार पाऊस पडला होता. मग हे शिपाई संचलनास निघाल्यासारखे चकचकीत रंगवावे, कीं चिखलानें माखलेले? आणि रंग हा केवळ शोभेचा विषय नव्हे. वेलिंग्टनच्या डाव्या टोकास नासाउ संस्थानचे शिपाई फ्रेंच धर्तीच्या गणवेशांत होते. मदतीस धांवून आलेल्या प्रशियनांनीं त्यांस फ्रेंच समजून त्यांच्यावरच गोळ्या झाडल्या. ज्यानें ते डगले स्वतःच्या हातानें रंगविले असतील त्यास ही चूक कशी झाली हें समजावून सांगावें लागत नाहीं.

वॉटर्लू आपल्यापासून दूर आहे. परंतु तेथील सेनापति आपल्यास अपरिचित नाहीं. हाच आर्थर वेलस्ली २३ सप्टेंबर १८०३ रोजीं, आजच्या जालना जिल्ह्यांतील असई येथें, शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेवर चालून आला होता. वाटाड्यांनीं केळणा नदीस उतार नाहीं असें सांगितलें असतां, समोरासमोरच्या तीरांवर दोन गांवें दिसतात, तेव्हां मध्यें उतार असलाच पाहिजे, असें अनुमान त्यानें बांधलें आणि तें खरें ठरलें. जमीन वाचण्याची कला त्यास चांगलीच अवगत होती. त्याच्या फौजेचीं सुमारें दीड हजार माणसें त्या दिवशीं जायबंदी झालीं वा मेलीं, आणि उतारवयांत असईचा विजय तो आपल्या सर्वश्रेष्ठ कामगिरींत गणीत असे. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहींत. इंग्रजांची रांग पुढें निघून गेल्यावर मेल्यासारखे पडलेले कांहीं गोलंदाज उठले आणि त्यांनीं पाठीमागून तोफा डागल्या, असें शत्रूनेंच लिहून ठेवलें आहे. पण त्या गोलंदाजांस छापील पत्र व नकाशा पाठवून, 'त्या क्षणीं तुम्ही कोठें होतां?' असें विचारणारा सायबॉर्न आपल्याकडे निघाला नाहीं. वॉटर्लूच्या टेबलावरून शिपाई उचलले गेले याचें आपण दुःख करतों. असईच्या टेबलावर आपले शिपाई कोणी मांडलेच नाहींत. जे मांडले गेलेच नाहींत ते उचलले गेल्याची तक्रार तरी कोणापाशीं करावी?

पुढच्या दिवाळींत किल्ल्याऐवजीं असईचें रण करावें, असें मीं पुतण्यास सुचविलें आहे. दोन नद्या, मधली चिंचोळी जमीन आणि समोरासमोरचीं दोन गांवें हें सारें त्यास आवडलें. गोलंदाजांची गोष्टहि त्यानें लक्षपूर्वक ऐकली. मग बराच वेळ विचार करून त्यानें विचारलें, "काका, ते गोलंदाज निजलेले ठेवायचे कीं उभे?"

"तूं कोणती वेळ दाखविणार यावर तें आहे," मीं म्हणालों. वेलिंग्टनचा आक्षेप मला त्या वेळीं पुरता समजला, आणि सायबॉर्नचाहि.